‘देवाला दिलं’ म्हटल्यावर घरच्यांनी गप्प बसायचं का?

नगरची_लेक

सर्वांना सलाम. बरीच वर्षं इथं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर आणि सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं, दोन्हीकडे तीन-चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. आता आम्ही पिंपरीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. हे कंपनीत आहेत, मुलगी सातवीला. पंधरा महिन्यांपूर्वी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. समजतं सगळं, पण शब्द येत नाहीत. ‘बाय’ एवढंच म्हणतात, पाणी हवं असलं तरी आणि दुखत असलं तरी.

मागच्या हिवाळ्यात हे एका संजीवन सभेला (विश्वास नव्यानं जागवणाऱ्या प्रार्थनासभेला) गेले आणि माणूस बदलला. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तंबाखू सुटली, चिडचिड गेली, पहाटे उठून गुडघ्यावर प्रार्थना करताना दिसू लागले. मी प्रभूचे आभार मानले, आजही मानते. म्हणून तर पुढचं कुणाला सांगता येईना.

आता रविवारी सकाळी उपासना आणि संध्याकाळी सुवार्तेसाठी वस्तीत फेरी, बुधवारी बायबल अभ्यास, शुक्रवारी रात्रभर उपास-प्रार्थना, शनिवारी तरुण संघ. कंपनीची पाळी सोडून उरलेला सगळा वेळ मंडळीचा. आईंचं अंग पुसणं, डायपर, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, हे माझं आणि थोडंफार मुलीचं. तरी कमरेच्या खाली जखम झालीच. डॉक्टर म्हणाले, हवेची गादी आणि वरखाली होणारी खाट घ्या. मी भिशीत २२ हजार साठवले होते. ते त्यासाठीच होते आणि यांनाही ते माहीत होतं.

तीन आठवड्यांपूर्वी उपासनेत बांधकाम निधीसाठी वचनं घेतली. हे उभे राहिले आणि २२ हजार बोलले. मी बायकांच्या बाजूला मुलीला घेऊन बसले होते, मला तिथंच कळलं. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

घरी आल्यावर म्हणाले, देवाला दिलेला शब्द आहे, उपदेशक ५:४ वाच, नवस केला तर फेडायला उशीर करू नये. मी आईंचं काढलं तर लूक १४:२६ काढलं, की जो आईबाप, बायको, मुलं यांचा द्वेष करत नाही त्याला प्रभूचा शिष्य होता येत नाही. आवाज चढवला नाही. शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

मला कुणाविरुद्ध पुरावा गोळा करायचा नाही. माझंही प्रभूवर प्रेम आहे. रात्री दोन वाजता आईंची कूस बदलताना मनात येतं, संकटात नवऱ्याला देवाविरुद्ध बोलायला सांगणारी ईयोबाची बायको मी झालेय का? चांगल्या मार्गाला लागलेल्या नवऱ्याला मी मागं ओढते आहे का? वचन खरंच असं म्हणतं का?

सायली_औंध

ताई, वचनाचं जाणकार सांगतील. आधी जखमेचं बघा. खाट आणि हवेची गादी महिन्याच्या भाड्यानं मिळते, मोठ्या रुग्णालयांच्या आसपासच्या औषधांच्या दुकानांत विचारा. आम्ही वडिलांसाठी सात महिने भाड्याचीच वापरली. जखम खोल जाऊ देऊ नका. आजच चौकशी करा, निर्णय नंतर होत राहतील.

राहुरीचे_गुरुजी

बाई, मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि जवळजवळ तेवढीच वर्षं संडे स्कूल घेतलं. तुमच्या पत्राला घाईनं उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून दोन दिवस घेतले.

आधी ‘द्वेष’ हा शब्द. तो वाचून पोटात गोळा येतो, यायलाच हवा. पण प्रभू ज्या लोकांशी बोलत होते त्यांच्या बोलण्यात ‘आवडणं’ आणि ‘द्वेष करणं’ ही जोडी कशी वापरली जाते ते उत्पत्तीच्या २९ व्या अध्यायात पाहा. याकोबाचं दोन बायकांपैकी लेआपेक्षा राहेलीवर अधिक प्रेम होतं, असं एक ओवी सांगते. लगेच पुढची ओवी लेआसाठी जो इब्री शब्द वापरते त्याचा शब्दशः अर्थ ‘द्वेषिली गेलेली’. आपल्या मराठी बायबलात तिथं ‘नावडती’ आहे. किती नेमका शब्द! आवडती आणि नावडती राणी आपण कहाण्यांत ऐकत मोठे झालो. नावडतीचा कुणी गळा धरत नाही, तिचा नंबर दुसरा असतो. मत्तयानं १०:३७ मध्ये हेच सरळ सांगितलं आहे: माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही. ‘माझ्यापेक्षा अधिक’ हा सगळ्या वाक्याचा कणा. आईवर प्रीती करू नका, असं तिथं कुठंही नाही.

आता पैशांचं. मला वाटतं तुमच्या घरातला खरा प्रश्न लूक १४ चा नाहीच, तो मार्क ७ चा आहे. तिथं प्रभू परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, ‘कुर्बान’ या रिवाजावरून धरतात. मुलगा आईबापांना म्हणायचा, ‘माझ्याकडून तुम्हाला जे मिळालं असतं ते मी कुर्बान केलं, म्हणजे देवाला वाहिलं.’ एकदा तसं म्हटलं की आईबापांसाठी काही करण्याची त्याला मोकळीकच उरत नसे. देवाच्या नावानं केलेल्या नवसानं देवाचीच आज्ञा रद्द होत होती. प्रभूनं याला काय म्हटलं ते यजमानांबरोबर बसून नवव्या ओवीपासून तेराव्यापर्यंत वाचा. तुम्ही समजावू नका, फक्त वाचा. मोशेच्या दहा आज्ञांत माणसांविषयीची पहिली आज्ञा आईबापांना मान देण्याची आहे, आणि इथं ‘मान’ म्हणजे सकाळचा नमस्कार नव्हे. प्रभू ती आज्ञा थेट म्हाताऱ्यांच्या पोटापाण्याशी जोडतात.

उपदेशक ५:४ खरं आहे, नवस फेडावा. पण दावीद राजाची गोष्टही आहे, २ शमुवेल २४. अरवना नावाचा माणूस त्याला यज्ञासाठी खळं आणि बैल फुकट देत होता. दावीद म्हणाला, ज्याला मला काही मोल पडलं नाही ते मी माझ्या देवाला वाहणार नाही. त्या २२ हजारांचं मोल कुणाला पडलं? भिशी तुम्ही भरली, आणि त्या पैशांशिवाय चालवायचं आहे ते खाटेवरच्या माउलीला. यजमानांचं मन मोठं आहे यात शंका नाही. पण हे दान त्यांच्या हातून गेलं आणि झळ दुसऱ्याच्या अंगाला लागली.

शुक्रवार_उपास

गुरुजींचा आदर राखून लिहितो. सगळे एकाच बाजूनं बोलतील म्हणून दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी.

ज्या लूक १४ बद्दल बोलताय त्याच अध्यायात मोठ्या मेजवानीचा दाखला आहे. आमंत्रितांपैकी एकानं शेत घेतलंय, एकानं बैल घेतलेत आणि तिसरा म्हणतो, मी लग्न केलंय म्हणून मला येता येत नाही. कुटुंब ही जगातली सर्वांत सभ्य सबब आहे. दारूची सबब सांगायला लाज वाटते, मुलाबाळांची सांगायला वाटत नाही. आमच्या मंडळीत अर्धे लोक मुलांच्या क्लासमुळे उपासनेला येत नाहीत. जुन्या करारातल्या हन्नानं तर नवसासाठी पोटचा मुलगा शमुवेल देवाच्या सेवेला दिला. ताई, तुमचे यजमान तंबाखू सोडून प्रभूकडे आलेत. नव्या विश्वासणाऱ्याची आग विझवू नका, एवढीच विनंती.

राहुरीचे_गुरुजी

तुमचा मुद्दा खोटा नाही. मेजवानीची सबब मीही अनेकदा सांगितली आहे आणि तिची टोचणी आजही आहे. पण हन्नेकडे नीट पाहा. तिनं दिलं ते स्वतःचं, स्वतःच्या पोटचं, आणि नवरा एलकाना याच्याशी बोलून. मूल दूध पिणं सोडेपर्यंत ती थांबली, एलकाना म्हणाला, तुला बरं वाटेल ते कर. आणि १ शमुवेलच्या दुसऱ्या अध्यायाची १९ वी ओवी सहसा कुणी वाचत नाही: ती दरवर्षी शमुवेलासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. देवाला दिलेल्या मुलाची उंची किती वाढली असेल याचा अंदाज ती वर्षभर घरी बसून करत असणार.

पहिल्या_पिढीचा

मला वरचं वाचून थोडं अस्वस्थ व्हायला झालं, म्हणून लिहितो. गुरुजी, ‘द्वेष’ हा शब्द समजावून सांगा, पण पातळ करू नका.

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. बाविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. वडिलांनी त्याच संध्याकाळी माझी पेटी अंगणात ठेवली. आई दारात उभी होती, बोलली नाही. पुढं अकरा वर्षं बोलली नाही. त्या रात्री एस.टी. स्टँडवर माझ्याजवळ लूकचं शुभवर्तमान होतं आणि त्यात तेच १४:२६. ते वचन नसतं तर मी पहाटेच्या गाडीनं परत गेलो असतो. प्रभूला माहीत होतं की एखाद्याच्या वाट्याला हे येणार, आणि त्यानं ते आधीच सांगून ठेवलं होतं, एवढ्यावर मी उभा राहिलो. ज्यांच्या चार पिढ्या ख्रिस्ती आहेत त्यांना हे वचन अवघड कोड्यासारखं वाटतं. आम्हाला ते भाकरीसारखं होतं.

पण ताई, आता तुमच्यासाठी. त्या वचनावर उभं राहूनच मी दुसऱ्या महिन्यापासून आईला मनीऑर्डर करायला लागलो. पहिल्या तीन परत आल्या. चौथी आली नाही. वडील गेल्यावर भावानं फोन केला तेव्हा कळलं की ती पोस्टमनकडून पैसे घ्यायची आणि पावतीची चिठ्ठी गव्हाच्या डब्यात जपून ठेवायची.

आई माझ्या आणि प्रभूच्या मध्ये उभी राहिली तेव्हा मला प्रभू निवडावा लागला. तुमच्या सासूबाई कुणाच्या मध्ये उभ्या नाहीत. त्या खाटेवर पडून आहेत. त्यांनी मुलाला प्रार्थनेला जाऊ नको असं म्हटलेलं नाही, त्यांना तर बोलताही येत नाही. घराबाहेर काढलेल्या माणसाचं वचन आजारी आईच्या मुलानं वापरू नये. आमच्यासारख्यांनी त्याची किंमत मोजली आहे.

प्रभू वधस्तंभावर होते, साऱ्या जगाच्या तारणाचं काम चालू होतं, तरी योहान १९ मध्ये ते आईला शिष्याच्या हाती सोपवतात. तो शिष्य तेव्हापासून तिला आपल्या घरी घेऊन गेला. यापेक्षा मोठी सेवा कुणाच्या हाती होती, की जिच्यामुळे आईकडे बघायला वेळ मिळू नये?

नगरची_लेक

दादा, तुमचं तीन वेळा वाचलं. गव्हाच्या डब्यापाशी थांबले. मुलीलाही वाचायला दिलं.

पाळकाचा_मुलगा

मी आता चर्चला जात नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको.

माझे वडील ३४ वर्षं पाळक होते. चांगले होते, खरंच. रात्री एक वाजता कुणाच्या घरी मयत झाली की सायकल काढून निघायचे. आमच्या घरी येणाऱ्याला जेवण मिळायचं, उसने पैसे मिळायचे, आणि वडील त्याचं मन लावून ऐकायचे. मी दहावीला नापास झालो ते त्यांना आठ दिवसांनी कळलं, तेही मंडळीतल्या एका बाईकडून. आई सांगायची, ‘ते देवाचं काम करतात.’ लहानपणी मला वाटायचं की देव म्हणजे आमच्या घरातून वडिलांना घेऊन जाणारा कुणीतरी आहे. हे वाक्य लिहायला मला ४६ वर्षं लागली.

पौलानं १ तीमथ्य ३ मध्ये म्हटलंय, ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेणार. वडिलांनी त्यावर उपदेशही केला होता, मला आठवतो. आता ते ८१ वर्षांचे आहेत, माझ्याकडेच असतात. मागच्या वर्षी त्यांनी एकदा जेवताना विचारलं, ‘तू दहावीला कोणत्या विषयात गेला होतास रे?’ मी म्हटलं, गणितात. ते बराच वेळ ताटाकडे बघत राहिले.

ताई, तुमची मुलगी सातवीत आहे. उपासनेत तिनं तुमच्याकडे पाहिलं असं तुम्ही लिहिलंय. सासूबाईंच्या जखमेइतकंच तिच्याकडेही लक्ष असू द्या.

जुनी_पुस्तकं

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात या विषयावर दोन घरं आहेत, ती सांगावीशी वाटतात.

पहिलं टिळकांचं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा हिंदू, पदरी लहान दत्तू. तो वियोग काय होता हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये इतकं प्रांजळपणे लिहिलंय की दोघांपैकी कुणावरही राग धरता येत नाही. टिळकांनी देवाला आधी निवडलं. पण पत्नीला सोडून दिलं नाही, दुसरं घर मांडलं नाही, वाट पाहिली. पुढं लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर राहायला आल्या तेव्हाही त्या हिंदूच होत्या, सोवळं आणि स्वयंपाकपाणी वेगळं ठेवून. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले. ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. जिला मागं ठेवून ते गेले होते, तिनंच त्यांचं देवासाठी मांडलेलं काम शेवटाला नेलं. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, जो मागेल त्याला देऊन टाकत. त्या दानाची ओढाताण घरात कोण सोसत होतं, हेही त्या पुस्तकात स्वच्छ आहे.

दुसरं घर इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीचं. आपल्यातल्या फार थोड्यांना त्याची ही बाजू माहीत असते. मराठी व्याकरण (१८०५) आणि मराठी नवा करार (१८११) श्रीरामपूरच्या छापखान्यातून आले ते याच्यामुळे. (बंगालमधलं श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे.) १७९३ मध्ये तो इंग्लंडहून निघाला तेव्हा बायको डोरोथी यायला तयार नव्हती. धाकटं मूल काही आठवड्यांचं होतं. शेवटच्या क्षणी, बहीण बरोबर येणार म्हणून ती तयार झाली. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर आमांशानं गेला. त्यानंतर डोरोथीच्या मनाचा तोल गेला तो परत आलाच नाही. कॅरी एका खोलीत भाषांतर करत बसायचा आणि शेजारच्या खोलीत ती असायची. १८०७ च्या डिसेंबरात ती गेली.

कॅरीला मी दोषी ठरवत नाही. त्यानं तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं नाही, घरातच ठेवलं. त्या काळात मनाच्या आजारावर कुणाकडेच इलाज नव्हता. पण मराठी नव्या कराराचं नाव निघालं की मला त्या दुसऱ्या खोलीतली बाई आठवते. तिच्या नावाची एक ओळही कुठल्या मुखपृष्ठावर नाही. देवाच्या कामाचा हिशोब मांडताना ती खोली धरायची की नाही, हा प्रश्न मला अनेक वर्षं सोडत नाही.

शुक्रवार_उपास

कॅरी गेला नसता तर आपल्या हातात नवा करार कधी आला असता? हेही विचारायला हवं ना?

जुनी_पुस्तकं

विचारायलाच हवं. माझ्याकडे उत्तर असतं तर एवढी वर्षं तो प्रश्न बाळगला नसता. पण डोरोथीला ‘हो’ म्हणायला पुरेसा वेळ मिळाला होता का, हा प्रश्न त्याच्या बरोबरीनं विचारायला हवा. ताईंना तर ‘हो’ की ‘नाही’ हे कुणी विचारलंच नाही. उपासनेत सगळ्यांबरोबर कळलं.

वसईची_आई

मी कॅथलिक, वसईची. आमच्याकडे या प्रश्नाला वेगळं तोंड आहे. माझा एकुलता एक मुलगा सेमिनरीत आहे, फादर व्हायला शिकतोय. पाचवं वर्ष.

त्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. आमच्या वाडीत मुलगा फादर होणं मानाचं समजतात, सगळे अभिनंदन करायला यायचे आणि मी आत जाऊन रडायचे. नातू नाही, सून नाही, पुढं शेती-वाडी कोण बघणार? शेवटी मी आमच्या फादरांकडे भांडायलाच गेले. त्यांनी मला संत थॉमस अक्वायनसचं सांगितलं, ते मला फार उपयोगी पडलं, म्हणून इथं लिहिते.

तेराव्या शतकातला हा मोठा पंडित. तरुणपणी तो डॉमिनिकन संघात गेला म्हणून घरच्यांनी त्याला धरून आणून वर्षभर आपल्याच किल्ल्यात कोंडून ठेवला. एवढं सोसलेला माणूस आईबापांविरुद्धच लिहील असं वाटेल ना? पण त्यानं लिहिलं की आईबाप अशा गरजेत असतील की मुलांशिवाय त्यांचं भागणार नाही, तर मुलानं त्यांना तसंच टाकून मठात जाणं योग्य नाही. आणि त्यांना तशी गरज नसेल, तर मात्र त्यांच्या नुसत्या इच्छेखातर मुलानं देवाचं बोलावणं नाकारायला नको. म्हणजे त्यानं तराजूत प्रेम घातलंच नाही, गरज घातली.

मग मी घरी येऊन स्वतःला विचारलं: मला गरज आहे की हौस? आम्ही दोघं धडधाकट होतो, पेन्शन होती. मला हौस होती. मी त्याला जाऊ दिलं. आमच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही (परिच्छेद २२३२) आहे की कुटुंबाची नाती महत्त्वाची आहेत पण सर्वांच्या वर नाहीत. ते वाक्य मला पटायला तीन वर्षं लागली. आता सुट्टीत येतो तेव्हा संध्याकाळची रोझरी तो सांगतो आणि मी उत्तर देते. गुरुजींनी हन्नेच्या झग्याचं लिहिलं ते वाचून मी उठून कपाटातला स्वेटर काढला, त्याच्यासाठी विणते आहे. बाही लांब झालीय बहुतेक.

पण तुमच्या घरात तर गरज आहे बाळा. तिथं अक्वायनसचं उत्तर उलट आहे. आमच्या फादरांना विचारलं असतं तर त्यांनी माझ्या मुलालाही परत पाठवला असता, मी अशी खाटेवर असते तर.

चंद्रभागेकाठी

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, पण धागा सोडवत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे पुंडलिकाची कथा आहे. देव दारात आला तेव्हा तो आईबापांची सेवा करत होता. त्यानं मागं वीट सारली आणि देवाला थांबायला सांगितलं. देव रागावला नाही. आम्ही ज्याला पंढरपुरात भेटायला जातो तो अजून त्या विटेवर थांबलेलाच आहे. तुमच्या धर्मात याला जागा आहे की नाही मला माहीत नाही. माझ्या आजीनं तिच्या सासूचं सात वर्षं केलं आणि वारी चुकली म्हणून कधी हळहळली नाही, एवढं सांगतो.

राहुरीचे_गुरुजी

माउली, आमची मांडणी थोडी वेगळी आहे. आमच्याकडे देवाला थांबायला सांगता येत नाही, तो पहिला. पण मत्तय २५ मध्ये प्रभू म्हणतात की मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात, या माझ्या लहानातल्या लहान बंधूंपैकी एकाला केलं ते मला केलं. म्हणजे तो बाहेर विटेवर नाही, आत खाटेवर आहे. तुमच्या आजींना माझा सलाम.

नगरची_लेक

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. खूप जणांनी निरोपात विचारलं, म्हणून.

गुरुजी, मार्क ७ वाचायला मला धीर झाला नाही. भांडण केल्यासारखं वाटलं असतं. मी एवढंच म्हटलं की मला ताप आहे (खरंच होता), आजची रात्र आईंचं तुम्ही बघा. शुक्रवार होता. ते घड्याळाकडे बघत राहिले, मग कुणाला तरी फोन केला आणि घरी थांबले.

मी आतल्या खोलीत झोपले होते. रात्री कधीतरी जाग आली तर हे आईंना स्तोत्र वाचून दाखवत होते. ७१ वं. त्यात म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस, माझी शक्ती क्षीण होईल तेव्हा मला सोडू नकोस अशी ओवी आहे. वाचता वाचता तिथं थांबले. पुढं वाचलंच नाही. बराच वेळ दिवा चालू होता. सकाळी जखमेची पट्टी मी बदलली तेव्हा शेजारी उभे राहून त्यांनी ती पहिल्यांदा नीट पाहिली. ‘एवढी आहे?’ म्हणाले. मी काही बोलले नाही.

मग ते स्वतःच पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेबांना घरची परिस्थिती ठाऊकच नव्हती, आम्हीच कधी सांगितली नव्हती. त्यांनी यांना मार्क ७ उघडून दिलं. (गुरुजी, तुमचीच ओवी!) वचन मोडू नका म्हणाले, पण आधी आई, मग महिन्याला जमेल तसं निधीला द्या, आणि ते तुमच्या स्वतःच्या खर्चातून. यांचा तंबाखूचा पैसा वाचतो ना, महिन्याला पाचशे ठरले. सात हजार आधीच भरले होते, ते आम्ही परत मागितले नाहीत. राहिलेल्या पैशांतून हवेची गादी घेतली आणि खाट भाड्याची आणली, सायलीताईंनी सांगितली तशी.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बुधवार आणि रविवार अजून तसेच आहेत, आणि मलाही ते तसे हवे आहेत. मुलगी अजून वडिलांशी मोजकंच बोलते. वेळ लागेल. पहिल्या पिढीचे दादा, यांनी लूक १४:२६ पुन्हा माझ्यासमोर काढलं नाही. मी तुमचं पत्र त्यांना वाचायला दिलं होतं. काही म्हणाले नाहीत, पण गावाकडच्या चुलत्यांना त्या दिवशी त्यांनी पैसे पाठवले.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शुक्रवारची प्रार्थना आता महिन्यातून दोनदा आमच्या घरी असते, पाच-सहा जण येतात, दहाला संपते. मागच्या शुक्रवारी टिळकांचं एक जुनं गायन सुरू केलं. आई खाटेवर उशाला टेकून होत्या. दुसऱ्या कडव्याला यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आई गात होत्या. ‘बाय’ नव्हे, शब्द. सुरात, अडखळत, पण अख्खं कडवं. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, असं होतं, बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाता येतं, गाण्याची जागा मेंदूत वेगळी असते. असेल. आम्ही ते कडवं चार वेळा म्हटलं.

रात्री दोनची पाळी आता यांची आणि चारची माझी. जखम बंद्या रुपयाएवढी राहिली आहे.

वसईची_आई

पट्टी काढताना आधी मिठाच्या पाण्यानं भिजव हो, ओढू नकोस. आणि चारच्या पाळीनंतर तू झोपतेस की नाही, तेही लिही.